नित्शे, मनू आणि ‘कशातच काही अर्थ नाही’ म्हणणारे आपले तरुण

२५ ऑगस्ट हा जर्मन तत्त्वज्ञ फ्रेडरिक नित्शे याचा स्मृतिदिन. १९०० साली तो वारला. बौद्ध समाजाच्या व्यासपीठावर त्याच्याविषयी लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमच्याकडे दोन कारणे आहेत.

पहिले कारण आमच्या रोजच्या कामातले. वस्त्यांमध्ये, वसतिगृहांमध्ये, अभ्यासिकांमध्ये आम्हाला शिकलेली मुले-मुली भेटतात. पदवी झालेली असते, स्पर्धा परीक्षेचे तीन-चार प्रयत्न होऊन गेलेले असतात, घरचे लग्नाचे किंवा मिळेल त्या नोकरीचे विचारत असतात. यातली बरीच मुले आता एकच गोष्ट बोलतात, की कशातच काही अर्थ नाही. देव त्यांच्या घरात आजोबांच्या काळापासूनच नाही. विहारात जाणे म्हणजे त्यांना सवयीचा भाग वाटतो. मोबाइलवर मात्र नित्शेच्या नावाने दोन-दोन ओळींचे सुविचार फिरत असतात आणि हा माणूस निराशेचा मोठा गुरू होता, असा त्यांचा समज होतो. दुसरे कारण असे की, हाच नित्शे मनुस्मृती वाचून भारावून गेला होता आणि त्याबद्दल बाबासाहेबांनी त्याची चांगलीच झडती घेतली आहे. हे आपल्या मुलांना फारसे कुणी सांगत नाही. म्हणून त्याचे आयुष्य एकदा नीट मांडावे असे वाटले.

त्याआधी एका शब्दाविषयी. जगण्याला अर्थ नाही, चांगल्या-वाइटाला कसलाच आधार नाही, सगळे सारखेच, या धारणेला युरोपात निहिलिझम म्हणतात. मराठीत तिला सर्रास ‘शून्यवाद’ म्हटले जाते. आम्हाला हा शब्द खटकतो. त्यामुळे नागार्जुनाची शून्यता आणि युरोपातील ही हताशा एकाच पोत्यात भरली जाते. नागार्जुनाची शून्यता प्रतीत्यसमुत्पादाशी जोडलेली आहे. कोणतीही गोष्ट स्वतःच्या बळावर, एकटी, कायमची अशी नसते, इतकेच ती सांगते. त्यावरून सगळे निरर्थक आहे असे निघत नाही. म्हणून या लेखात आम्ही ‘निरर्थवाद’ हा शब्द वापरतो. धारणा मात्र नवी नाही. दानाला फळ नाही, चांगल्या-वाईट कर्माला फळ नाही, मेल्यावर शहाणा आणि मूर्ख दोघांचीही मातीच होते, असे शिकवणारा अजित केसकंबल बुद्धांच्या काळातच होऊन गेला. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात त्याचे मत नोंदलेले आहे. बुद्धांनी शाश्वतवाद नाकारला, तसाच हा उच्छेदवादही नाकारला.

नित्शेचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ चा, प्रशियाच्या सॅक्सनी प्रांतातील रोकेन या लहान गावातला. वडील कार्ल लुडविग हे लुथरपंथी चर्चचे पाद्री. आजोबाही पाद्री. घर चर्चला लागूनच. मुलगा पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८४९ च्या जुलैमध्ये, वडील मेंदूच्या आजाराने गेले. वय अवघे ३५. सहा महिन्यांत धाकटा भाऊ योजेफ गेला. पाद्र्याचे घर नोकरीबरोबर मिळालेले, ते सोडावे लागले. आई फ्रान्झिस्का, आजी, दोन आत्या आणि धाकटी बहीण एलिझाबेथ यांच्याबरोबर तो नाउमबुर्ग शहरात आला. पुढे मोठे होऊन सगळेच पाद्री होणार असे घरात गृहीतच होते. शाळेतली मुले त्याला छोटा पाद्री म्हणून चिडवत.

हुशारीच्या आणि वडील नसण्याच्या जोरावर त्याला १८५८ मध्ये शुलप्फोर्टा या नामांकित निवासी शाळेत मोफत जागा मिळाली. ग्रीक आणि लॅटिन तिथे पक्के झाले. १८६४ मध्ये बॉन विद्यापीठात तो धर्मशास्त्र आणि भाषाशास्त्र शिकायला गेला. पुढच्याच ईस्टरला घरी आला आणि चर्चमधील प्रभुभोजनाला जाणार नाही म्हणाला. आई रडली. आत्याने समजूत घातली, की मोठमोठ्या धर्मवेत्त्यांनाही शंका येतात, पण त्याविषयी घरात बोलायचे नाही. तसेच ठरले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी घरातला देव्हारा काढताना आजीचे रडणे पाहिले आहे किंवा ऐकले आहे, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की नित्शेच्या घरात हे धाडस एकट्याने केले. त्याच्यामागे गाव नव्हते, समाज नव्हता आणि पुढे चालायला दुसरा मार्गही नव्हता.

त्याच वर्षी, १८६५ च्या शरदात, तो लाइपझिगला गेला. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याच्या हाती शोपेनहॉवरचा मुख्य ग्रंथ लागला. जग हे एका आंधळ्या, कधी न भागणाऱ्या इच्छेचा खेळ आहे, म्हणून जगणे म्हणजे दुःख, आणि त्यातून सुटायचे तर इच्छाच नाकारली पाहिजे, असे शोपेनहॉवर सांगतो. एकवीस वर्षांच्या नित्शेला वाटले, हे आपल्यासाठीच लिहिले आहे. दोन आठवडे तो रात्री दोनला झोपून पहाटे सहाला उठत होता. स्वतःला मुद्दाम त्रास देत होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. शोपेनहॉवर बुद्धाचा चाहता होता. फ्रँकफुर्टच्या आपल्या घरात त्याने बुद्धमूर्ती ठेवली होती. पण त्याने पाहिलेला बुद्ध हा जगाकडे पाठ फिरवलेला बुद्ध होता. नित्शेला बुद्ध पहिल्यांदा भेटला तो असा, एका निराश जर्मनाच्या मध्यस्थीने. पुढे त्याने बौद्ध धर्मावरचे ग्रंथ वाचले, कोपेनचा वाचला, ओल्डेनबर्गचा १८८१ मधील प्रसिद्ध ग्रंथ वाचला. १८७५ मध्ये सुत्तनिपाताचे इंग्रजी भाषांतर त्याच्या हाती आले आणि त्यातले एकशिंगी गेंड्यासारखे एकटे चालण्याविषयीचे खग्गविसाण सुत्त त्याला इतके आवडले, की ते त्याच्या घरगुती बोलण्यात शिरले. तरी पहिला ठसा पुसला गेला नाही. बौद्ध धम्म म्हणजे थकलेल्या माणसांचा धर्म, हे त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत राहिले.

चोविसाव्या वर्षी, १८६९ मध्ये, परीक्षा न देताच लाइपझिग विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली आणि स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाने प्राध्यापक केले. बाझलला जाताना त्याने प्रशियाचे नागरिकत्व सोडले, स्विस नागरिकत्व कधी मिळवले नाही, आणि उरलेले आयुष्य कोणत्याच देशाचा नागरिक न होता काढले. १८७० च्या युद्धात जखमींची शुश्रूषा करायला गेला आणि आमांश व घटसर्प घेऊन परतला. संगीतकार वाग्नरशी त्याची दाट मैत्री झाली, ती पुढे तुटली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही थांबत नाही. पहिले पुस्तक १८७२ चे. त्यावर भाषाशास्त्रज्ञांनी अशी झोड उठवली, की पुढच्या सत्रात त्याच्या वर्गात दोनच विद्यार्थी उरले, तेही भाषाशास्त्राचे नव्हते.

खरा शत्रू मात्र शरीर होते. लहानपणापासूनची डोकेदुखी वाढत गेली. दोन-दोन, तीन-तीन दिवस चालणारे झटके, उलट्या, दृष्टी इतकी अधू की वाचायला-लिहायला दुसऱ्याची मदत लागावी. १८७९ या एका वर्षात त्याने झटक्यांचे शंभराहून जास्त दिवस मोजले. वडील ज्या वयात गेले त्या वयात आपणही जाणार, असे त्याला वाटत होते. त्याच वर्षी नोकरी सोडली. विद्यापीठाने वर्षाला ३,००० फ्रँकचे निवृत्तिवेतन दिले. पुढची दहा वर्षे तो या पैशावर जगला, उन्हाळ्यात आल्प्समध्ये, हिवाळ्यात जेनोवा किंवा नीसच्या किनाऱ्यावर. दोन पेट्या, भाड्याची खोली, स्पिरिटचा स्टोव्ह.

निरर्थवाद घेऊन जगणे म्हणजे काय, हे पाहायचे तर या दहा वर्षांकडे पाहावे. देव गेला होता. शोपेनहॉवरवरचा विश्वास गेला होता. वाग्नर गेला, नोकरी गेली, प्रकृती कधी नव्हतीच. पुस्तके विकली जात नव्हती. ‘असे बोलला झरतुष्ट्र’ या ग्रंथाच्या चौथ्या भागाला प्रकाशक मिळेना, म्हणून १८८५ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने ४० प्रती छापल्या आणि त्यांतल्या मोजक्याच वाटल्या. वाटायला माणसे तरी कुठे होती? १८८२ मध्ये रोमला त्याला लू सालोमे ही एकवीस वर्षांची रशियन तरुणी भेटली. आपले विचार समजणारे कुणीतरी मिळाले असे त्याला वाटले. त्याने लग्नाची मागणी घातली, तिने नाकारली. बहिणीने मध्ये पडून सगळ्यांची मने कलुषित केली. त्या हिवाळ्यात तो रापालोच्या किनाऱ्यावर एका थंड खोलीत होता, झोपेसाठी औषधे घेत होता आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांमध्ये मरणाची भाषा करत होता. झरतुष्ट्राचा पहिला भाग त्याच खोलीच्या आसपास, जानेवारी १८८३ मध्ये लिहिला गेला. त्याच्या सांगण्यानुसार दहा दिवसांत.

मोबाइलवरचा नित्शे इथे खोटा ठरतो. निरर्थवाद हे शहाणपण आहे, असे त्याने कधीच म्हटले नाही. तो त्याला रोग म्हणत होता. रोगाचे निदान त्याने असे केले. दोन हजार वर्षे युरोपला शिकवले गेले, की जगण्याचा अर्थ या जगाबाहेरून येतो, वर बसलेल्या देवाकडून येतो. त्याच धर्माने खरे बोलायलाही शिकवले. खरेपणाची सवय वाढत गेली आणि एके दिवशी त्याच सवयीने देवालाच पकडले. आता अर्थ बाहेरूनच येतो अशी ज्याची खात्री होती, त्याला बाहेरचा आधार निसटताच सगळेच निसटले असे वाटणार. १८८२ च्या पुस्तकात त्याने एक वेडा उभा केला आहे. भरदिवसा कंदील घेऊन तो बाजारात देवाला शोधतो. बाजारातले लोक हसतात, कारण त्यांचा देवावर विश्वास नाहीच. वेड्याचे दुःख असे, की या हसणाऱ्यांनी काय घालवले आहे ते त्यांना अजून कळलेलेच नाही. १८८७ च्या जूनमध्ये लेन्झरहायडे या गावी त्याने या विषयावर वहीत सविस्तर टिपण केले. त्याच वर्षीच्या वह्यांत त्याने निरर्थवादाचे दोन प्रकार केले आहेत. एक थकलेला, हातपाय गाळून बसणारा. दुसरा जुने मोडायला निघालेला. आपण हा सगळा रोग स्वतःत शेवटपर्यंत जगून पाहिला आणि त्याच्या पलीकडे आलो, असा त्याचा दावा होता.

पलीकडे जायला त्याने काय वापरले? १८८१ च्या ऑगस्टमध्ये सिल्स-मारिया या गावाजवळ, सिल्व्हाप्लाना सरोवराच्या काठी एका मोठ्या खडकापाशी, त्याला एक कल्पना सुचली. समजा, हेच आयुष्य, याच क्रमाने, याच डोकेदुखीसह, याच अपमानांसह पुन्हा पुन्हा अनंत वेळा जगायचे आहे, तर तुम्ही हो म्हणाल का? जो हो म्हणेल तो निरर्थवादातून सुटला. ज्याच्या वर्षाचे शंभर दिवस अंधाऱ्या खोलीत ओकण्यात जात होते, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा, याला हिंमत लागते. आम्ही ती नाकारत नाही. पण वस्तीत काम करणाऱ्याला इथेच एक अडचण दिसते. हातात मैल्याची टोपली असलेल्या बाईला हाच प्रश्न विचारला तर? तिने आपल्या आयुष्याला अनंत वेळा हो म्हणायचे का? तिला हे आयुष्य पुन्हा नको आहे, आणि तिचे ‘नको’ हा आजार नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर करता येते, असे म्हणणाऱ्याला थकलेला कसे म्हणायचे?

बुद्धांविषयी नित्शेने चांगलेही लिहिले, हे नोंदवले पाहिजे. १८८८ मध्ये लिहिलेल्या ‘ख्रिस्तविरोधी’ या पुस्तकात त्याने ख्रिस्ती आणि बौद्ध दोन्ही धर्मांना निरर्थवादी म्हटले, पण बौद्ध धर्म कितीतरी अधिक वास्तववादी आहे असे सांगितले. बुद्ध पापाशी लढत नाहीत, दुःखाशी लढतात. प्रार्थना नाही, सक्ती नाही. सूडाची भावना मनातून काढून टाकणे हीच मोठी औषधी, हे त्याने बरोबर पकडले. त्याच दमात मात्र तो म्हणतो, की हा धर्म वरच्या, शिकल्या-सवरल्या वर्गांत उगम पावला. ग्रंथालयात बसून बौद्ध धम्म वाचणाऱ्याला तसे दिसणारच. संघात उपाली न्हावी होता, थेरगाथेतला सुनीत झाडूवाला होता, याकडे त्याचे लक्ष गेले नाही. एकही बौद्ध माणूस त्याच्या आयुष्यात आला नाही. त्याचा शाळेपासूनचा मित्र पाउल डॉयसन हा संस्कृतचा मोठा पंडित, पण तो वेदान्तात रमलेला. १८८७ मध्ये तो नित्शेला सिल्स-मारियाला भेटून गेला. याच डॉयसनने पुढे १८९३ मध्ये मुंबईत येऊन वेदान्तावर व्याख्यान दिले. युरोपला तेव्हा भारत कुणाच्या खिडकीतून दिसत होता, हे यावरून समजावे.

आता मनूकडे येऊ. १८८८ च्या वसंतात नित्शे तुरीन शहरात होता. तिथे त्याला मनुस्मृतीचे एक फ्रेंच भाषांतर मिळाले. भाषांतरकार लुई जाकोलियो हा चंद्रनगरच्या फ्रेंच वसाहतीत न्यायाधीश राहिलेला माणूस. त्याच्या पुस्तकात पदरचे पुष्कळ घातलेले आहे आणि अभ्यासक ते विश्वासार्ह मानत नाहीत. नित्शे एरवी एकेका ग्रीक शब्दावर वाद घालणारा भाषाशास्त्रज्ञ. इथे त्याने काहीच तपासले नाही. मे महिन्याच्या अखेरीस मित्राला पत्र लिहून त्याने या शोधाचे कौतुक केले आणि त्या वर्षीच्या दोन पुस्तकांत मनूला मानाचे स्थान दिले.

‘मूर्तींचा संधिप्रकाश’ या पुस्तकात त्याने चांडाळांसाठीचे नियम दिले आहेत. त्यांनी लसूण-कांदाच खावा, धान्य-फळे त्यांना मिळू नयेत. नदीचे, विहिरीचे, तळ्याचे पाणी घेऊ नये. दलदलीच्या कडेचे आणि जनावरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतले पाणी प्यावे. यातले बरेचसे जाकोलियोचे आहे, प्रचलित मनुस्मृतीत सापडत नाही. पण म्हणून मनू सुटत नाही. गावाबाहेर राहणे, मेलेल्यांचे कपडे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने, कुत्री आणि गाढवे हीच संपत्ती, हे सगळे दहाव्या अध्यायात आहेच. पाण्याविषयीच्या त्या ओळी तुरीनच्या खोलीत नित्शेने उतरवून घेतल्या त्याला ३९ वर्षे होतात न होतात तोच, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली.

नित्शेला हे नियम क्रूर वाटले नाहीत का? वाटले. आपल्या भावनांना याहून जास्त धक्का देणारे दुसरे काही नसेल, असा कबुलीजबाब त्याने तिथेच दिला आहे. पण त्याला मोह पडला तो एका गोष्टीचा. ख्रिस्ती धर्म माणसाला माणसाळवतो, म्हणजे खच्ची करतो. मनू माणसांच्या जाती जोपासतो, अशी त्याची मांडणी. ‘ख्रिस्तविरोधी’मध्ये तर त्याने मनूचा ग्रंथ बायबलच्या वर ठेवला आणि वर्णांची उतरंड हा निसर्गाचाच नियम ठरवला. ‘चांडाळ’ हा शब्द त्याच्या शेवटच्या पुस्तकांत शिवीसारखा पुन्हा पुन्हा येतो. ज्याला देव खोटा दिसला त्याला उतरंड खरी वाटली.

आमच्या मते याचे मूळ त्याच्या निरर्थवादावरील उपायातच आहे. अर्थ वरून मिळत नसेल तर तो माणसाने निर्माण करायचा, इथवर ठीक. पण तो कोणी निर्माण करायचा? नित्शेचे उत्तर, मोजक्या समर्थांनी. बाकीच्यांनी त्यांच्यासाठी पाया व्हायचे. एकटेपणात राहिलेल्या, वाचक नसलेल्या, गर्दीचा तिटकारा असलेल्या माणसाला हे उत्तर सुचावे यात नवल नाही. एमिल दुर्खीमचा आत्महत्येवरील ग्रंथ १८९७ चा. जुनी बंधने सुटली आणि नवी तयार झाली नाहीत की माणूस कसा भरकटतो, हे त्याने समाजाच्या अंगाने दाखवले. नित्शे त्या वर्षी जिवंत होता, पण त्याला काही कळत नव्हते.

कारण ३ जानेवारी १८८९ ला तुरीनच्या चौकात तो कोसळला होता. टांगेवाला घोड्याला मारत होता, नित्शे धावत जाऊन घोड्याच्या गळ्यात पडला आणि शुद्ध हरपली, अशी कथा सांगतात. ती बऱ्याच वर्षांनी छापून आली, पुरावा तोकडा आहे. ज्याने करुणेला आयुष्यभर दुबळेपणा म्हटले त्याचा शेवटचा शुद्धीतला क्षण करुणेचा असावा, असे लोकांना वाटते, म्हणून ती टिकली असावी. त्या आठवड्यात त्याने मित्रांना आणि राजेरजवाड्यांना वेडाच्या भरात चिठ्ठ्या लिहिल्या. जुना मित्र ओव्हरबेक बाझलहून येऊन त्याला घेऊन गेला. आधी बाझलचे, मग येनाचे मनोरुग्णालय. तेव्हाच्या डॉक्टरांनी उपदंश ठरवला, पुढच्या अनेक डॉक्टरांना ते पटलेले नाही.

१८९० मध्ये आई त्याला नाउमबुर्गच्या घरी घेऊन आली. नित्शेवरील लेखनात या बाईला दोन ओळी मिळतात. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. पाद्र्याची विधवा, भाविक, मुलाने आपल्या श्रद्धेवर आयुष्यभर घाव घातलेले तिने पाहिलेले. त्याच मुलाला तिने सात वर्षे न्हाऊ घातले, जेवू घातले, चालता येत होते तोवर हाताला धरून फिरवले. घरात मनोरुग्ण सांभाळणाऱ्या बाया आम्ही कामात रोज पाहतो. कंबर मोडते, शेजारी तुटतात, झोप जाते. एप्रिल १८९७ मध्ये फ्रान्झिस्का वारली.

मग एलिझाबेथ. तिचा नवरा फ्योर्स्टर हा कडवा ज्यूद्वेष्टा. दोघांनी पॅराग्वेमध्ये शुद्ध जर्मनांची वसाहत काढली होती, ती फसली आणि १८८९ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली. नित्शेला ज्यूद्वेष्ट्यांचा तिटकारा होता, बहिणीला त्याने तसे स्पष्ट कळवलेही होते. परत आल्यावर तिने भावाच्या कागदपत्रांचा ताबा घेतला, आई गेल्यावर त्याला वायमारच्या बंगल्यात नेले आणि काही समजत नसलेल्या भावाला पाहुण्यांना दाखवू लागली. तो २५ ऑगस्ट १९०० रोजी गेला. रोकेनला, वडिलांच्या चर्चला लागून, त्याला पुरले. त्याच्या टिपणांची मोडतोड करून तिने १९०१ मध्ये एक ग्रंथ काढला. पुढे नाझींनी नित्शेला डोक्यावर घेतले. १९३५ मध्ये एलिझाबेथच्या अंत्यविधीला हिटलर स्वतः हजर होता. सगळा दोष बहिणीवर ढकलून नित्शेला धुऊन काढणारे अनेक आहेत. मनूवरची पाने मात्र बहिणीने लिहिलेली नाहीत.

बाबासाहेबांनी ती पाने वाचली होती. ‘हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान’ या इंग्रजी लेखनात त्यांनी नित्शे आणि मनू यांना समोरासमोर ठेवले आहे. झरतुष्ट्र म्हणजे मनूचेच नवे नाव, इतके नाते त्यांनी दाखवले. पण तिथेच न थांबता फरकही सांगितला. नित्शेला खरोखर माणसाहून वरचढ असा नवा माणूस घडवायचा होता, त्याची कसोटी गुणाची होती. मनूला मात्र जन्माने श्रेष्ठ ठरलेल्या एका वर्गाचे हक्क राखायचे होते. म्हणजे दोघांत मनू अधिक हीन. ज्याने आपल्याला चांडाळ म्हणून हिणवले त्याच्याही बाबतीत तराजू नीट धरायचा, ही बाबासाहेबांची रीत इथे दिसते.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी थेट विचारले, की चार आर्यसत्ये जशी सांगितली जातात तशी धरली, तर बुद्धांची शिकवण निराशावाद ठरते. मग ती मूळची आहेत की भिक्खूंनी नंतर घातलेली? यावर आजही वाद होतात. पण शोपेनहॉवर आणि नित्शेने जगभर पसरवलेला थकलेला बुद्ध बाबासाहेबांना मान्य नव्हता, हे त्यातून स्वच्छ दिसते.

नित्शेची भीती होती, की देव गेला की माणसे पोकळीत पडतील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी एका दिवसात देव सोडले. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, नित्शेच्या हिशोबात ती पाया होण्याच्या लायकीची माणसे. ती पोकळीत पडली नाहीत. घरी गेली, देव्हारे रिकामे केले, पोरांना शाळेत घातले, वर्गणी काढून विहार बांधले. युरोपातला एक पाद्र्याचा मुलगा एकट्याने जे सोडून आयुष्यभर तळमळला, ते इथे शेजाऱ्याचा हात धरून सोडले गेले. आज आमच्यासमोर बसलेला मुलगा त्यांचा नातू आहे. त्याला अर्थ दिसत नाही याचे कारण देव गेला हे नाही. जागा निघत नाहीत, निघाल्या तर पेपर फुटतो, खोलीचे भाडे थकलेले असते, आणि विहारात त्याचे ऐकून घेणारे कुणी नसते. याला तत्त्वज्ञानाचे नाव दिले की भरती न काढणारे सुटतात आणि विहाराचे पदाधिकारीही सुटतात.

ज्यांना मूळ वाचायचे आहे त्यांच्यासाठी: बाबासाहेबांचे हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर हे खंड मिळतात. तुमच्या विहाराच्या कपाटातही बहुधा असतील. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते आधी विचारावे लागेल.